झाडावर कोण चढलं होतं, याचा निकाल लावू नकोस

पत्र थोडक्यात असं आहे :

"ताई, आमचं मूळ घर सांगोला तालुक्यात, वस्तीवर. आजी आणि धाकटे काका-काकू तिथे असतात, बाकी सगळे पुण्या-मुंबईला. दर बेंदराला आम्ही गावी जमतो आणि जेवणं झाली की हरणीचे किस्से सुरू होतात. हरणी म्हणजे आमची खिलार गाय, मारकी म्हणून पंचक्रोशीत नाव होतं तिचं, पोस्टमन बांधावरूनच हाक मारायचा. मे 2004 मधे आत्याच्या लग्नात तिने दावं तोडलं, मांडवात घुसली, दारातले केळीचे खांब खायला लागली, त्या ओढाओढीत पुढचा बांबू बँडवाल्यांच्या अंगावर आला आणि बाबा किंवा काका, दोघांपैकी कुणीतरी एक लिंबावर चढून बसलं. कोण, यावर अजून भांडण आहे. आजी पुढच्या वर्षी ऐंशीची होईल, तेव्हा मला हे सगळे किस्से लिहून एक छोटं पुस्तक करायचंय. पण यंदा चुलतभावाने 'झाडावरचे बाबा' अशी नक्कल करून रील टाकली आणि बाबा भरल्या ताटावरून उठून गेले. आई म्हणते, नको ते उकरून काढू नकोस. 2013 च्या दुष्काळात हरणी विकली, बाजारात बाबाच घेऊन गेले होते, नंतर आमच्याकडे गाय आलीच नाही. मी कुणाचं खरं मानू आणि पुढे काय करू?"
– हरणीच्या घरची लेक, पुणे

अगं लेकी, पुस्तक कर. नक्की कर, आणि आजी ऐंशीची होईपर्यंत थांबूही नकोस, आत्ताच सुरुवात कर. पण कुणाचं खरं मानू हा प्रश्न तू आधी बाजूला ठेव. झाडावर बाबा होते की काका, याचा निकाल लागला की तो किस्सा संपला बघ, मग पुढच्या बेंदराला कोण सांगणार आणि कोण मधेच तोडणार? दोघांचंही लिहून घे, समोरासमोरच्या पानांवर छाप, डावीकडे बाबा सांगतात ते, उजवीकडे काका सांगतात ते, आणि खाली स्वतःचं एक अक्षर लिहू नकोस.

माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात पोस्टमन आहे, बँडवाले आहेत, बाबा-काका आहेत, रीलवाला भाऊ पण आहे, पण हरणीची धार कोण काढायचं हे कुठेच नाही. मारक्या गुरांचे किस्से आपल्याकडे नेहमी पळालेले लोक सांगतात. ज्यांची पळता भुई थोडी झाली ते सांगतात, आणि मस्त रंगवून सांगतात, त्यात काही वाईट नाही. पण त्यांनी त्या जनावराची पाठ नाहीतर शिंगं, एवढंच बघितलेलं असतं. जी बाई पहाटे चरवी घेऊन तिच्या कासेखाली बसायची तिला कुणी विचारत नाही, कारण ती तेव्हा सगळ्यांना वाढत असते. तुमच्याकडे ती बाई आजीच असणार, किंवा काकू. तिच्याकडे जा, सगळ्यात आधी.

आमच्या माहेरचं सांगते. आमच्याकडे एक म्हैस होती, ती आईशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. आई कधी तिच्या माहेरी गेली की वडील तिचं जुनं लुगडं अंगावर घेऊन, डोक्यावरून पदर ओढून धारेला बसायचे, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दारात यायचं, मग वडील पदराच्या आडूनच "आत या, बसा" म्हणायचे. आम्ही भावंडं हा किस्सा सांगून लोटपोट व्हायचो. वडीलही हसायचे. आईला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं, खूप उशिरा मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, लुगड्याचं काय घेऊन बसलात, मी आधी कोमट पाण्याने कास धुवायचे, मग रेडकाला दोन घोट पिऊ द्यायचे, मग तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत सडाला हात घालायचे, तुमच्या वडलांनी लुगडं नेसलं पण पाण्याचा तांब्या विसरले, हात गार, म्हैस पान्हा सोडेलच कशी? आता मला सांग, यानंतर तो किस्सा कमी विनोदी झाला का? उलट आता आम्ही तो सांगताना तांब्यापाशी येऊन थांबतो आणि सगळे वडलांकडे बघतात.

आणि आईचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. सडाला ओळखीचा हात लागला, वासराने ढुसणी दिली की जनावराच्या रक्तात ऑक्सिटोसिन सुटतं आणि मग दूध उतरतं, त्यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. जनावर घाबरलं, बुजलं की अॅड्रेनलिन वाढतं आणि तोच पान्हा अडतो. म्हणजे गाय दूध चोरते, हट्टी आहे, असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती नुसती घाबरलेली असते. पहिलारू गाय लाथा झाडते, कासदाह झाला असला की चांगली गरीब गायसुद्धा लाथा झाडते, कारण हात लागला की दुखतं. त्यातून तुमची खिलार. खिलार म्हणजे कामाची जात, बैलांसाठी राखलेली, चपळ, तापट, परक्याला जवळ न येऊ देणारी आणि घरच्या एका माणसापुढे मान खाली घालणारी. दूध वासराचं भागवून घरात चहापुरतं उरलं तरी नशीब. दुभत्या गायीच्या लाथा गोड म्हणतात, इथे तर दूधही बेताचंच, आणि तरी तुमच्या घराने इतकी वर्षं सांभाळली ना तिला? का सांभाळली हे आजीला विचार. माझ्या मते पुस्तकाचं पहिलं पान त्यावरच व्हायला हवं.

आता लग्नाचं बघू. तू सहज लिहून गेलीस, मे 2004. अगं, 2003-04 ला तुमच्या सगळ्या भागात, सांगोला, आटपाडी, माण, खटाव, दुष्काळ होता. जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या. कडबा मिळेना, मिळाला तर परवडेना, हिरव्या काडीचं नावच नको. आणि अशा वैशाखात, जिने कित्येक महिने हिरवं तोंडात घेतलं नसेल तिच्या डोळ्यासमोर तुम्ही मांडवाच्या दारात केळीचे दोन ताजे, पाणीदार, पानांसकट खांब आणून रोवलेत. कुठून तरी लांबून, कॅनॉलच्या भागातून आणले असणार, शोभेसाठी. तिने दावं तोडलं नसतं तर नवल होतं. हा किस्सा तुमच्याकडे 'हरणीने मांडव पाडला' असा सांगतात, मला वाचल्या वाचल्या दिसलं ते हे की अख्ख्या मांडवात पोटभर जेवायचा तिचाच पहिला नंबर लागला.

अजूनही विचार. मांडव घातला तर अंगणातला तिचा खुंटा हलवला होता का? त्या वेळी ती व्यालेली होती का, वासरू कुठे बांधलं होतं, तिला दिसत होतं का? बँड वाजायला कधी लागला, आधी की नंतर? नवी व्यालेली गाय, वासरू नजरेआड आणि कानाशी ताशा, एवढं जमून आलं तर सगळ्यात गरीब गायसुद्धा मांडवात येईल. आणि एखादा मामा "नवरीच्या लाल शालूवर धावली" असं सांगत असेल तर ते जसंच्या तसं लिहून घे पण खाली मान डोलवू नकोस, गुरांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, ती बिथरतात ते हलण्याने आणि आवाजाने. त्यांचे डोळे बाजूला असतात त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोब्बर मागचं सोडून, म्हणून मागून गुपचूप गेलेल्या माणसाला लाथ बसते. "उगाच मारलं" म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचं, तू उभा कुठे होतास? बघ कसे चाचपडतात.

मुद्दा काय, गंमत सांगा असं कुणाला म्हणू नकोस. गंमत सांगा म्हटलं की माणूस तोच घासून गुळगुळीत झालेला किस्सा सांगतो, त्याच शब्दात, त्याच ठिकाणी थांबून. त्यापेक्षा वस्तू विचार. गव्हाण कुठे होती, दावण कुठल्या बाजूला, तिचं दावं केकताडाचं होतं की नायलॉनचं, गळ्यात लोढणं होतं का? लोढणं आत्ताच्या मुलांना माहीतच नसेल, ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, पळायला लागलं की तो पुढच्या पायांवर आपटतो आणि जनावर आपोआप हळू होतं. तुमच्या माळ्यावर ते अजून पडलेलं असू शकतं, शोध, बरोबर म्होरकी, कंडा, घुंगरं, बेंदराची झूल, हुरमुंजाची डबी, जे निघेल ते आजीच्या पुढ्यात आणून ठेव आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून गप्प बस. एक कागद घेऊन वस्तीचा नकाशा काढ, विहीर, लिंब, गोठा, चूल, मांडवाचं दार, आणि बाबांना व काकांना वेगवेगळं बसवून विचार की हरणी कुठून आली आणि तुम्ही कुठे होतात. दोघांचे बाण दोन दिशांना जातील, दोन्ही नकाशे छाप.

कागदपत्रं पण बघ. ओढाळ गाय म्हणजे कधी ना कधी कोंडवाड्याची वारी झालेलीच असणार. लोकांच्या उभ्या पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचं आणि मालकाने दंड भरून सोडवायचं, ही पद्धत इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यात आहे, इंग्रज गेले तरी गावोगाव चालू राहिली. ग्रामपंचायतीची अशी एखादी पावती आजीच्या ट्रंकेत निघाली तर पुस्तकात तिचा फोटो टाक. कुणाच्या पिकात शिरली होती त्या घराशी आता संबंध बरे असतील तर त्यांच्याकडूनही दोन वाक्यं घे, त्यांची बाजू ऐकल्याशिवाय ते प्रकरण पूर्ण होत नाही, आणि त्यांची ज्वारी होती ती, हसायच्या भरात आपण ते विसरतो.

आणि गुरं राखायला कोण होतं गं? सालगडी असेल, गुराखी पोरगा असेल, तो आता चाळिशी-पन्नाशीचा गृहस्थ असेल. किश्शांमधे अशा माणसाला नाव नसतं, नुसतं 'गडी पळाला' एवढंच असतं. त्याच्या घरी जा, मानाने बोल, त्याने जे सांगितलं ते त्याच्या नावाने छाप आणि पुस्तकाची प्रत त्याला नेऊन दे. दिवसभर हरणीबरोबर माळावर तोच होता, घरच्यांपेक्षा जास्त त्याला माहीत असणार.

बोली बदलू नकोस, हात जोडून सांगते. आजी जर म्हणाली, "आगं, ती कुटं मारकी हुती, तिला मागनं गेल्यालं खपायचं न्हाई," तर हे वाक्य असंच्या असं जाऊ दे. पुण्यात वाढलेल्या मुलांना पुस्तकी मराठीत करून द्यायची हौस असते, शुद्धलेखन वगैरे, पण आजीचं बोलणं तू सरळ केलंस की त्यात आजी उरत नाही. भाच्यांना शब्द कळणार नाहीत तर शेजारी चित्र काढ. चित्र काढायला भाच्यांनाच बसव, कासरा कसा दिसतो हे आजीला विचारून काढतील, दोन तास घर शांत राहील.

आता बाबांचं. हे मी मुद्दाम नंतर ठेवलं.

रील काढून टाकायला सांग. आजच सांग, हसत नको, सरळ सांग. घरात बसून एकमेकांची टर उडवणं वेगळं, तिथे उलट टोला मारता येतो, आणि अनोळखी लोकांच्या फोनवर बापमाणूस झाडावर लटकलेला दाखवणं वेगळं. भाऊ म्हणेल काका चिल आहेत, एवढं काय. ताटावरून उठून गेलेला माणूस चिल नाही. व्ह्यूज किती आले याने काही फरक पडत नाही.

पण मला नाही वाटत बाबा झाडामुळे उठले. इतकी वर्षं ते झाडाचा किस्सा ऐकत आले, भांडत आले, भांडायला मजा येत असणार त्याशिवाय कुणी इतकं भांडत नाही. तुझ्याच पत्रात खालच्या बाजूला एक ओळ आहे, बाजारात बाबाच घेऊन गेले होते. 2013 चा उन्हाळा म्हणजे पुन्हा दुष्काळ, पुन्हा छावण्या, उसाच्या वाढ्यावर जनावरं जगवली लोकांनी. तोवर हरणी म्हातारी झालेली असणार, जिच्या अंगावर कुणी जाऊ शकत नव्हतं तिला कासरा धरून सांगोल्याच्या बाजारात नेणारा माणूस तुझा बाप होता. काका नव्हते, आजी नव्हती. रुमालाखाली बोटं धरून व्यापाऱ्याने भाव केला असेल, दात बघितले असतील, आणि बाबांना उभं राहून ते बघावं लागलं असेल. हा अंदाज आहे माझा, चुकीचाही असेल. पण तुझी आई 'उकरून काढू नकोस' म्हणते ना, ती झाडाबद्दल बोलत नसावी, तो माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आला तेव्हा दार तिनेच उघडलं असेल.

म्हणून बाबांना सगळ्यांसमोर काही विचारू नकोस. कधीतरी दोघंच गाडीने गावी जा, बाजाराच्या बाजूने जा, आणि झाडाचं नाव न काढता एवढंच विचार की बाबा, तिला बाजारात नेलं तेव्हा ती सुधी चालली का हो? मारक्या गायीबद्दल हा साधा प्रश्न आहे, कुणीही विचारेल. बोलले तर रस्त्याकडे बघत ऐक, फोन काढू नकोस, रेकॉर्डिंग तर अजिबातच नको. दावं परत आणलं होतं का, हेही विचारता आलं तर विचार. नाही बोलले तर विषय सोड, पुन्हा काढू नकोस, पुस्तकात "2013 साली हरणी विकली" एवढी एक ओळ पुरे आहे. बोलले आणि नंतर म्हणाले हे छापू नकोस, तर छापायचं नाही. आजीला आवडेल म्हणून नाही, भावंडांनी आग्रह केला म्हणून नाही.

आईलाही सांग हे सगळं, तिच्यापासून लपवून काही करू नकोस. तू झाडाची गोष्ट करतेयस की बाजाराची, हे कळलं की तिचा विरोध मावळेल असं मला वाटतं.

वसुबारसेला सगळे गावी येतील ना? तेव्हा बैठक जमव, पण दुपारची, रात्री जेवणानंतर सगळे पेंगतात आणि आजी तर आधीच झोपलेली असते. तिला कमी ऐकू येत असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बस, एका वेळी एकानेच बोलायचं असा नियम कर, तो कुणी पाळणार नाही, तरी कर. आत्याला व्हिडिओ कॉलवर घे नाहीतर बोलावूनच घे, लग्न तिचं होतं, मांडव तिचा पडला, आणि तुझ्या पत्रात ती बिचारी काय म्हणते याचा पत्ताच नाही.

आणि ते बँडवाले, ते शेजारच्याच कुठल्या तरी गावचे असणार, शोध त्यांना. बांबू त्यांच्या अंगावर आला, गाय त्यांच्यासमोर होती आणि झाड त्यांच्या डोळ्यांपुढे. घरच्यांपैकी कुणाचीही बाजू घ्यायचं त्यांना काही कारण नाही. ते जे सांगतील ते तिसऱ्या पानावर छाप, आणि मला मात्र आधी कळव.